आडनाव नसलेली गोळी

बाहेर भटजी "सावधान" म्हणत होते आणि आत माझ्यावर झारा पडत होता.

हे मी रंगवून सांगत नाहीये. रंगवायची मला सवय आहे. आमच्या वस्तीत कुणाची नक्कल ऐकायची असली की मलाच पुढं ढकलतात. पण त्या दुपारला रंग लावायची गरजच नव्हती. कार्यालयाचं स्वयंपाकघर आणि लग्नाचा हॉल यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत, आणि भिंतीवर आमच्या बाजूला एक स्पीकर. कार्यालयाचे मालक आबा, ही त्यांची हौस. राबणाऱ्यांनाही लग्न ऐकू गेलं पाहिजे म्हणे. तर स्पीकरवर मंगलाष्टक चढत चढत जायचं, "सावधान" यायचं, बाहेर अक्षता उडायच्या, आणि आत आबांची बायको हात उचलायची. आम्ही सगळ्या तिला वहिनीसाहेब म्हणायचो. बाईंचा ताल एकदाही चुकला नाही.

झारा कढईतून नुकता काढलेला. तेल ठिबकत असलेला. माझ्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, त्याची जाळी आजही आहे. झाऱ्याला भोकं असतात ना, ती भोकं उमटली आहेत. कुणी विचारलं तर सांगते, गोंदवून घेतलंय.

गुन्हा काय? मी दुपारची गोळी घेतली.

मी वेल्ह्याच्या बाजूची. तोरण्याच्या पायथ्याला गाव, गावाच्या कडेला आमची वस्ती. नवरा ट्रकवर होता. हायवेनं त्याला पुष्कळ काही दाखवलं, त्यातलं त्यानं मला घरी आणून दिलं ते एवढंच. एचआयव्ही. दुसरी कुठलीच वस्तू त्यानं संसारात इतकी टिकाऊ आणली नाही. तो गेला. मी राहिले. गोळीवर राहिले.

लग्नसराई आली की मी सकाळची एसटी धरायची, नसरापूरला उतरायची, तिथून वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन कापूरहोळ. हायवेच्या कडेला ते कार्यालय. नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला करू? तिथं मी पुऱ्या लाटायची. माझी पुरी फुगली नाही असं कधी झालं नाही, आणि याबाबतीत मी विनय दाखवणार नाही. आचारी मला "पुरीवाली मावशी" म्हणायचा. बाकी नावगाव कुणी विचारलं नव्हतं. कामाला हात चालत होते, तोवर माणसाची चौकशी लागत नव्हती.

गोळीची वेळ मी मुद्दाम दुपारची ठेवली होती. मुहूर्ताच्या आसपास स्वयंपाकघरात कुणाचं कुणाकडं लक्ष नसतं. मोबाईलवर कोंबडा लावलेला. तो आरवला की बाया हसायच्या.

"मावशी, तुजा कोंबडा लई उशिरा उठतो गं."

"मालकाचा हाय. मालकावानीच झोपतो," मी म्हणायची.

हसण्याच्या गडबडीत गोळी तोंडात, वर पाणी, झालं. कुणी विचारलंच तर ताकदीची.

त्या दिवशी कोंबडा आरवला, मी पिशवीतून बाटली काढली, गोळी घेतली, आणि झाकण लावायच्या आत दारातून आबांचे जावई आले. पुण्यात मोठे डॉक्टर. नात्यातल्या लग्नाला आलेले, म्हणून अंगात शेरवानी, डोक्याला फेटा, हातात रिकामी बशी. गरम भजी पाहिजे होती. आचारी भजी काढेपर्यंत त्यांनी सहज म्हणून माझ्या पोळपाटाशेजारची बाटली उचलली. सहज. दुकानात भाजी चाचपावी तशी.

"कुणाची ही?"

"माजी."

"कशासाठी घेता?"

"ताकदीची हाय."

ते हसले. मग बाटली उंच धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एचआयव्हीची आहे ही. सरकारी, फुकटातली. जेनरिक."

मला तो शब्द "जनरल" असा ऐकू आला. पुढं काय झालं ते सांगतेच, पण हा शब्द लक्षात ठेवा, कारण मी तो बरेच दिवस चुकीचा वागवला.

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली आणि हात शेरवानीला पुसला. नवी कोरी शेरवानी. त्यांना तिची फिकीर राहिली नाही, एवढी माझी घाण मोठी.

वहिनीसाहेब आल्या. मागून आबा आले. डॉक्टरांनी दोघांना सांगितलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आजाराचं एक अक्षर न काढता विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. इथं सांगत नाही. ज्यांना कळलं त्यांना कळलं. ज्यांना नाही कळलं आणि कळून घ्यायची खाज सुटली आहे, त्यांनी ती कुठून सुटली ते जरा बघावं.

वहिनीसाहेब म्हणाल्या, "म्हंजी दोन्ही हाय हिला."

तेवढ्यात स्पीकरवर पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. मी भट्टी आणि भिंत यांच्यात अडकले होते. हात वर करून तोंड वाचवलं, म्हणून हातावर पडलं. "रांडे, आमच्या पावण्यांच्या ताटात!" पुढचं मंगलाष्टक. "आमच्या पोरीबाळी जेवत्यात हितं!" सावधान. झारा. चामडी करपल्याचा वास भज्यांच्या वासात मिसळला, आणि खरं सांगते, वेगळा ओळखू आला नाही. लग्न लागलं तेव्हा वाजंत्री वाजली. म्हणून माझं ओरडणं हॉलमध्ये गेलं नाही. स्पीकर एकाच बाजूनं बोलत होता.

मग माझ्या पुऱ्या. लाटलेल्या, तळलेल्या, टोपल्या भरून. आबांनी दोन गडी लावून सगळ्या उकिरड्यावर ओतल्या. कणकेचा गोळा ओतला. पोळपाट-लाटणं भट्टीत घातलं. मी बसत होते ती फरशी पाईप लावून धुतली. शेजारी बसणाऱ्या हौसाबाईनं आपली परात माझ्या परातीपासून ओढून घेतली. तिच्या मुलीच्या बाळंतपणाला मी रात्रंदिवस बसले होते. तिनं डोळे वर केले नाहीत. तिला मी तेव्हा माफ केलं नाही, आजही केलेलं नाही.

पण माझा सगळ्यात जास्त राग डॉक्टरांवर. पुरीतून हा आजार होत नाही, हे त्या घरात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं. उकळत्या तेलातून निघालेली पुरी! एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाहीत. भजी खात दारात उभे होते. शेवटी मला बाहेर ढकललं, बाटली माझ्यामागं फेकली, तेव्हा ते मला म्हणाले, आणि हे मी त्यांच्याच आवाजात करून दाखवते, नाकातून, पुणेरी:

"या फुकटच्या गोळ्यांनी माणूस मरत नाही इतकंच. जगत नाही."

झाऱ्याची जखम भरली. हे वाक्य भरलं नाही.

भोरला सरकारी दवाखान्यात गोळ्या देणारी खोली आहे. तिथं एक समुपदेशक आहेत. आम्ही त्यांना सर म्हणतो. माझ्याहून लहान आहेत, पण सर. माझा हात बघून ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "तक्रार करायची. आजारावरून असं हाकलता येत नाही, तुमच्या परवानगीशिवाय तुमचा आजार कुणाला सांगता येत नाही, कायदा आहे. आडनाव विचारून मारलं, त्याला आणखी वेगळा कायदा आहे." मी म्हटलं, "मंजी माझ्यासाठी दोन-दोन कायदे? वहिनीसाहेब खरं बोलल्या की, दोन्ही हाय मला." सर हसले नाहीत. मला माझ्या विनोदाला कुणी हसलं नाही की फार अपमान वाटतो. पण अर्ज दिला. कुठल्या चौकीत ते सांगत नाही. पुढच्या आठवड्यात जबाबाला बोलावलं.

आणि त्या आठवड्यात मला खोकला झाला.

साधा खोकला. दर थंडीत होतो. पण या वेळी मी रात्री उठून बसायला लागले. जगत नाही. जगत नाही. डॉक्टरांचं वाक्य खोकल्याबरोबर वर यायचं. मनात एकच हिशोब. फुकट मिळते ती गोळी कशी असेल? आजवर मला फुकट काय चांगलं मिळालं? रेशनचा तांदूळ फुकट, त्यात खडे. शाळेत पुस्तकं फुकट, त्यांची पानं निसटलेली. लोकांनी दिलेल्या फुकटच्या साड्या, त्यांना आधीच कुणाच्या तरी अंगाचा वास. मग एवढा मोठा आजार आणि त्याला फुकटची गोळी? ती खरी असेल कशी? बाटली उघडायची, एक गोळी तळव्यावर घ्यायची, नखानं खरवडून बघायची. आत खडू असेल का? डॉक्टर होता तो. त्याला माहीत नसेल?

बघा, काय केलं त्या माणसानं. मारलं वहिनीसाहेबांनी, पण मला माझ्या औषधाविरुद्ध उभं केलं ते डॉक्टरनं. एका दुपारी कोंबडा आरवला आणि मी गोळी घेतली नाही. हातात धरून बसले. ऊन उतरलं तेव्हा घेतली. एवढ्यावर आले होते मी.

नेमक्या त्याच वेळी निरोप आला.

माझी धाकटी जाऊ रंजना. तिच्या माहेरचं कुणीतरी आबांच्या ओळखीचं. ती संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि इकडचं तिकडचं बोलत एकदम म्हणाली, "आबा लई वाईट वाटून घ्यायला लागल्यात, आक्का."

"व्हय का? हात दुखतोय का वहिनीसाहेबांचा?"

"चेष्टा नको. ते म्हनत्यात, जावयाकडून तुला चांगली गोळी द्यायची. बाहेरच्या मोठ्या कंपनीची. भारी. श्रीमंत लोक घेत्यात ती. जन्मभर. तुला एक रुपाया न्हाई पडायचा."

"आनि?"

"जबाबात तेवडं सांगायचं. की झारा मारला न्हाई. तेल उडालं."

तेल उडालं. एवढाच शब्द. मारला नाही, उडालं. तेलाला दोष, भट्टीला दोष, माझ्या नशिबाला दोष. माणूस मोकळा.

मी शिव्या घातल्या का? नाही. मी विचारात पडले. रंजना गेल्यावर विचारात पडले आणि तिची गोष्ट मला गोड वाटायला लागली. का नाही वाटणार? एका पारड्यात माझा हात, जो भरत आला होता. दुसऱ्या पारड्यात श्रीमंतांची गोळी. जन्मभर. रंजना जाताना म्हणाली होती, "तुजी ती जनरल गोळी किती दिवस पुरायची?"

जनरल. मी तिला तसंच सांगितलं होतं ना. आधी आम्ही त्यावर हसलोही होतो. आमच्या गावात सरपंचाची जागा जनरलला सुटली की आमच्या वस्तीत दिवा लागत नाही. जनरल म्हणजे त्यांचं. जनरल म्हणजे खुलं, आणि खुलं म्हणजे आम्हाला बंद. मी म्हटलं होतं, "आयुष्यात पयल्यांदा मला काय तरी जनरलमधनं मिळालं बघ, आनि ते बी एड्सचं औषध!" रंजना पोट धरून हसली होती.

दुसऱ्या दिवशी मी भोरला गेले. सरांच्या टेबलावर बाटली आपटली.

"सर, खरं सांगा. ही खोटी हाय का?"

"कोण म्हणतं?"

मी डॉक्टरांची नक्कल केली, नाकातून. मग रंजनाचा निरोप सांगितला. त्या भारी बाटलीचा फोटो आबांनी रंजनाच्या मोबाईलवर पाठवला होता, तो मी माझ्या मोबाईलवर घेतला होता. तो दाखवला. सरांनी फोटो मोठा केला. माझी बाटली त्याच्याशेजारी धरली. दोन्हीकडची अक्षरं बोटानं जुळवत गेले.

"मावशी, यात तीन औषधं आहेत. तुमच्या गोळीत तीन औषधं आहेत. तीच तीन. तेवढीच."

"मग भारी कशापायी?"

"वरच्या नावापायी. पहिल्यांदा ज्यांनी शोधलं त्यांनी नाव दिलं, भाव लावला. मग आपल्याकडच्या कंपन्यांनी तेच औषध बनवलं. शोधायचा खर्च नाही, जाहिरातीचा नाही, म्हणून स्वस्त पडतं."

"मंजी सुटं तेल."

हे तुम्हाला कळायचं नाही. कार्यालयात आम्ही जे करायचो ते सांगते. दर्शनी कोपऱ्यात नावाजलेल्या कंपनीचे तेलाचे डबे रचलेले, पाहुण्यांना दिसतील असे. आत तेल सुटं, मार्केटमधून ओतून आणलेलं. पाहुणे डबे बघून म्हणायचे, तेल चांगलं वापरतात हो. पुरीला काय, ती फुगायची.

"सुटं नाही," सर पटकन म्हणाले. "सुटं कुणी तपासत नाही. हे तपासलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे तुमच्या रक्तात तपासलंय." त्यांनी माझा मागचा रिपोर्ट काढला. "विषाणू सापडत नाही. हे इथं लिहिलंय. आहे, पण इतका दबलाय की मशीनला सापडत नाही. ही तुमच्या या जनरल गोळीची करामत."

"जनरलच ना?"

"जनरल नाही हो, जेनरिक."

"मंजी?"

सर शब्द शोधत होते. माझ्यासारख्या बाईला सांगायचं म्हणजे शब्द शोधावे लागतात असं त्यांना वाटतं, आणि ते बरोबरच आहे, कारण मी अर्धवट उत्तर सोडत नाही.

"म्हणजे... कंपनीचं नाव नसतं त्याला. औषधाचं जे स्वतःचं नाव, तेवढंच. खाली मालकाचं नाव नाही."

"आडनाव न्हाई म्हना की."

"हां. आडनाव नाही."

मी हसले. आधी हळू, मग त्या खोलीत बाहेरची रांग डोकावेल इतकं. गुण गोळीच्या पोटात आणि भाव आडनावाला! त्या डॉक्टरनं बाटलीला आडनाव नाही म्हणून तिला हलकी म्हटली. त्याच्या सासऱ्यानं मला आडनाव विचारून मला हलकी केली. एकाच घरातली एकच अक्कल. आणि मी, मी ज्या जातीत जन्मले त्या जातीची बाई, मी त्या गोळीला तळव्यावर घेऊन नखानं खरवडत होते. माझ्यावर जे केलं तेच मी तिच्यावर करत होते.

हसता हसता माझं डोकं फिरलं. कारण एक गोष्ट आठवली.

"सर, मग आधीची गोळी?" मी गाल पुढं केला. माझे गाल असे खपाटीला गेलेले आहेत ना, ते वयानं नाही. सुरुवातीला बरीच वर्षं जी गोळी दिली तिनं. चेहऱ्याचं मांस गेलं, पायात मुंग्या आल्या त्या आल्याच. "तेव्हा श्रीमंतांना हीच मिळत होती का?"

सर रिपोर्टची घडी घालायला लागले.

"बोला."

"नाही. ज्यांना परवडत होती त्यांना दुसरी मिळत होती. तुमची जुनी तेव्हा स्वस्त होती म्हणून तुम्हाला दिली. जीव वाचवत होती, पण त्रास देत होती. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा बदलली."

बरं वाटलं मला ते खरं बोलले म्हणून. आणि डोक्यात तिडीक गेली ती गेली. म्हणजे फुकट आहे म्हणून पाया पडायचं नाही, आणि फुकट आहे म्हणून थुंकायचंही नाही. गुण विचारायचा. दर वेळी, तोंडावर विचारायचा. आजची गोळी गुणाची आहे, ते माझं रक्त सांगतंय. उद्याची नसली तर मी इथंच येऊन टेबल उलटं करीन.

बाहेर पडले तेव्हा दुसरी गोष्ट कळली, ती मला कुणी सांगितली नाही. आबांची गोळी जन्मभर, म्हणजे आबांच्या मनात आहे तोवर. केस मिटली की? जावयाला कंटाळा आला की? मध्येच बंद झाली की आजार उसळणार, आणि मग माझी सरकारी गोळीही लागू पडायची नाही कदाचित. गोळी कितीही भारी असू दे, ती त्यांच्या खिशात असणार आणि माझा गळा त्यांच्या हातात. सगळ्यात महाग औषध ते, ज्यासाठी रोज कुणाचं तरी तोंड बघायला लागतं.

दोनच दिवसांनी आबा स्वतः आले. पांढरी मोठी गाडी वस्तीत वळेना, म्हणून पाण्याच्या टाकीपाशी लावून चालत आले. जावई बरोबर. जावयाच्या हातात पेढ्याचा बॉक्स. वस्तीतली माणसं जमली. रंजनानं खुर्च्या टाकल्या, पाणी आणलं. आबांनी तांब्याला हात लावला नाही. "आत्ताच पिऊन आलो," म्हणाले. टाकीपासून चढ चढून आलेला माणूस, घाम गळतोय, आणि आत्ताच पिऊन आला.

पेढ्याच्या बॉक्समध्ये पेढे नव्हते. बाटली होती.

"झालं गेलं सोडून द्या, मावशी," आबा म्हणाले. आता मी मावशी. "बायकूचा हात सुटला. आमी चांगल्या मनानं आलोय. ही घ्या. ही खरी गोळी हाय. तुमची ती सोडा आता."

"डॉक्टर," मी विचारलं, "ह्या गोळीत असं काय हाय जे माझ्या गोळीत न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, "क्वालिटी."

"कसली?"

"मावशी, ते तुम्हाला नाही कळायचं."

"मला तेल कळतं, डॉक्टर. तुमच्या सासऱ्याच्या कार्यालयात डब्यावर नाव एक आनि आत तेल दुसरं. मी त्यात पुऱ्या काढल्यात. तवा तुमाला क्वालिटी सुचली न्हाई, चार-चार खाल्ल्यात तुमी."

वस्ती फिस्सकन हसली. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण हसू आबांना सोसलं नाही. ते उठले. पुढं येऊन त्यांनी माझा हात धरला. तोच हात. जाळीवर अंगठा दाबला, मुद्दाम, जोरानं, आणि चेहऱ्यावर हसू ठेवून, दातांतून, फक्त मला ऐकू जाईल असं बोलले, "लई बोलती. जबाबात काय सांगायचं ते समजलं ना? तेल उडालं. न्हाई तर ह्या रस्त्यानं एसटीला जाताना तूबी उडशील."

भरत आलेली कातडी फाटली. रक्त त्यांच्या अंगठ्यावर आलं. त्यांनी ते बघितलं आणि हात असा झटकला, विस्तव लागल्यासारखा, आणि तोंडातून गेलं, "ए... थू!" मग तिथंच, सगळ्यांच्या देखत, मला कानाखाली मारली.

माझा डावा हात मोकळा होता.

मी पुरी लाटणारी बाई. माझ्या हाताला काय जोर आहे हे आबांना माहीत असायला हवं होतं, त्यांनीच दोन हंगाम तो राबवून घेतला. असा बसला की त्यांची टोपी रंजनाच्या तांब्यावर पडली. ते मागं जावयावर आदळले, जावई खुर्चीवर, खुर्ची चिखलात. आबांच्या ओठातून रक्त आलं. मग डॉक्टर धडपडत उठले आणि पहिल्यांदा डॉक्टरचं वाक्य बोलले. "पाणी! पाणी आणा, आधी धुवा तो अंगठा! जखम आहे का बघू दे."

"घाबरू नका," मी म्हटलं. "माझ्या रक्तात सापडत न्हाई काय. तुमाला म्हाईत पायजे."

बाटली मी फोडली नाही. औषध आहे ते, त्यानं काय केलंय माझं? उचलली, पुसली, बॉक्समध्ये ठेवली, बॉक्स आबांच्या छातीवर दाबला. "घेऊन जा. कुनाला तरी लागंल."

संध्याकाळपर्यंत आबांनी माझ्यावर तक्रार केली. मारहाण. रंजना रडत आली. "आता तुज्यावर बी केस गं आक्का. आता मिटवून टाक. त्यांनी मागं घेतली तर तूबी घे. सारखं-सारखं झालं."

चौकीतल्या हवालदारांनीही तेच सांगितलं. चांगला माणूस, ओळखीचा, मला मावशी म्हणणारा. चहा मागवला. कागद पुढं ओढला. "असं करू मावशी. तुमचा जबाब मी व्यवस्थित घेतो. 'झटापटीत झारा हलून गरम तेल अंगावर उडाले.' आणि त्यांचा जबाब असा घेतो, 'बोलाचालीत बाईंचा हात उडून लागला.' म्हणजे कुणालाच काही नाही. दोघं मोकळे."

तेल उडालं. हात उडाला. वा. काय पारडं धरलं होतं त्यांनी, अगदी समतोल. एका बाजूला त्यांचं खोटं, दुसऱ्या बाजूला माझं खोटं, आणि मध्ये दोघांची सुटका. चहा कपात निवत होता. खिडकीतून एसटी स्टँड दिसत होता, माझी गाडी लागलेली.

"साहेब, लिवा," मी म्हटलं. "तेल उडालं न्हाई. झारा मारला. वहिनीसाहेबांनी, आडनाव ऐकल्यावर, जानून मारला. डॉक्टरांनी माझा आजार सगळ्यांना सांगितला, जानून सांगितला."

ते लिहीत गेले. मग मी म्हटलं, "आनि फुडं लिवा. माझा हात बी उडाला न्हाई. म्या मारली. आबांना. कानाखाली. जानून."

हवालदारांचं पेन थांबलं. "मावशी, वेड्या आहात का? हे तुमच्याच विरुद्ध जाईल. केस कच्ची होईल."

"होऊ दे कच्ची. पर ह्यात काय बी उडालं न्हाई, साहेब. सगळं मारलंय. त्यांनी बी, म्या बी. लिवा."

त्यांनी लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी सही केली. अंगठा नाही, सही, आडनावासकट.

आता तारखा पडतात. माझ्या तक्रारीच्या वेगळ्या, माझ्यावरच्या वेगळ्या. दोन्हीकडं मी जाते. कार्यालयांनी मला काम बंद केलंय, कापूरहोळपासून भोरपर्यंत कुणी पुरीला बोलावत नाही. शिक्षा झाली तर मी माझ्या हाताची शिक्षा भोगीन. पण त्यांच्या हाताच्या जागी तेल लिहू देणार नाही.